शॉर्ट कॉल आणि शेअर घेऊन डेल्टा हेजिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑप्शन (ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क) विकणाऱ्यांकडून गेली काही वर्षं मला तेच तेच प्रश्न येतात, फक्त शेअरचं नाव बदलतं. म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. सगळीकडे एकच काल्पनिक उदाहरण धरलं आहे: शेअर १००० रुपयांवर, १००० च्या स्ट्राइकचा कॉल (म्हणजे १००० या ठरलेल्या भावाने शेअर विकत घेण्याचा हक्क), एक्स्पायरीला म्हणजे मुदत संपायला ३० दिवस, लॉट (एका सौद्यातली शेअरची संख्या) ५०० शेअरचा, व्होलॅटिलिटी म्हणजे भावाची हालचाल वर्षाला २५ टक्के, व्याजदर साडेसहा टक्के. ऑप्शनचा रास्त भाव काढण्याच्या ब्लॅक-शोल्स सूत्राने याचा प्रीमियम, म्हणजे हा हक्क विकून मिळणारी किंमत, ३१ रुपये २५ पैसे येतो, म्हणजे एका लॉटचे सुमारे १५,६०० रुपये. आपण हा एक लॉट विकला आहे, म्हणजेच ‘शॉर्ट’ आहोत.

१. डेल्टा म्हणजे नक्की काय? आणि हेज करायचं म्हणजे काय करायचं?

शेअर एक रुपयाने हलला तर कॉलचा भाव किती हलेल, तो आकडा म्हणजे डेल्टा. आपल्या कॉलचा डेल्टा ०.५४४ आहे. शेअर १००१ झाला की कॉल साधारण ५४ पैशांनी महागतो. आपण ५०० शेअरचा कॉल विकलाय, म्हणजे २७२ रुपयांचा फटका. आपल्याकडे त्याच कंपनीचे २७२ शेअर असतील, तर तेवढेच २७२ रुपये तिकडून येतात. हेज म्हणतात तो हाच, २७२ शेअर विकत घेणं.

डेल्टा म्हणजे ‘कॉल पैशात संपण्याची’ (एक्स्पायरीला शेअर स्ट्राइकच्या वर असण्याची) शक्यता असं बरेच जण सांगतात. जवळपास खरं आहे, पण तंतोतंत नाही. आपल्या उदाहरणात ती शक्यता मॉडेलप्रमाणे ०.५१५ येते आणि डेल्टा ०.५४४. हेजसाठी यातला डेल्टाचा आकडा लागतो.

२. मग हा कव्हर्ड कॉलच झाला ना? मी ५०० शेअर घेऊन बसतो, विषय संपला.

नाही. कव्हर्ड कॉलमध्ये तुम्ही तेजीवाले असता. शेअर ९०० वर आला तर ५०० शेअरवर पन्नास हजारांचा खड्डा पडतो आणि हातात प्रीमियमचे साडेपंधरा हजार. डेल्टा हेजमध्ये वर की खाली याबद्दल तुमचं काही मतच नसतं. तुमचं मत एवढंच असतं की शेअर जितका हलेल असं धरून कॉलचा भाव लागला आहे, तितका तो हलणार नाही. शेअरची संख्या त्यासाठीच रोज बदलते.

३. वर गेला की आणखी घ्यायचे, खाली आला की विकायचे. म्हणजे महाग घ्या आणि स्वस्त विका! यात पैसे मिळतात कसे?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न, आणि सगळ्यात बरोबर शंका. हेजच्या शेअरमध्ये पैसे जातातच. मिळतात ते कॉलच्या झिजण्यातून, म्हणजे दिवस सरतात तसा त्याचा भाव उतरतो त्यातून.

आज १००० ला २७२ शेअर घेतले. उद्या शेअर १०३० झाला. डेल्टा ०.७० वर गेला, म्हणजे ३५१ शेअर हवेत, म्हणून ७९ आणखी घेतले, १०३० ला. परवा शेअर पुन्हा १००० वर आला. डेल्टा परत ०.५४, म्हणून ते वाढीव शेअर विकले, १००० ला. शेअर होता तिथेच आला आणि आपण ७९ गुणिले ३०, म्हणजे २,३७० रुपये घालवले. त्या दोन दिवसांत कॉल झिजला तो जेमतेम सहाशे-सातशे रुपयांनी.

आता उलट कल्पना करा. शेअर आठवडाभर ९९५ ते १००५ मध्ये डुलत राहिला. खरेदी-विक्री नगण्य, आणि कॉल मात्र रोज झिजतोय. प्रीमियम म्हणजे तुमच्या या ‘महाग घ्या, स्वस्त विका’ नोकरीचा आगाऊ मिळालेला पगार. काम पगारापेक्षा जास्त पडलं की तोटा.

हा विचार नवा नाही. फिशर ब्लॅक आणि मायरन शोल्स यांनी १९७३ मध्ये आपलं सूत्र मांडलं, त्याचा पायाच हा होता की सतत हेज करत राहिलं तर कॉल विकणाऱ्याची जोखीम उरत नाही, म्हणून कॉलला एकच रास्त भाव असला पाहिजे. ‘सतत’ या शब्दात सगळी गोम आहे. ती प्रश्न ६ आणि ७ मध्ये.

४. एका दिवसात शेअर किती हलला तर तोटा सुरू होतो?

वर्षाच्या व्होलॅटिलिटीला १६ ने भागा. (वर्षात बाजाराचे साधारण २५२ दिवस, त्याचं वर्गमूळ १६ च्या जवळ.) २५ भागिले १६ म्हणजे दिवसाला सुमारे १.६ टक्के, आपल्या शेअरला १६ रुपये. आजची हालचाल १६ च्या आत राहिली तर दिवस तुमचा, बाहेर गेली तर कॉल घेणाऱ्याचा.

आकड्यांत बघा. कामकाजाच्या एका दिवसाची झीज, व्याजाचा भाग वगळून, लॉटमागे साधारण ३५० रुपये. शेअर १० रुपये हलला तर हेज असूनही १४० रुपये जातात, हातात २१० उरतात. १६ हलला तर बरोबरी. ३० हलला तर १,२४५ जातात, म्हणजे त्या दिवशी नऊशेचा तोटा. हालचाल तिप्पट झाली की नुकसान नऊपट होतं. वर्गाने वाढतं ते. यामागे असतो गॅमा, म्हणजे शेअर हलला की डेल्टा किती बदलतो तो आकडा. दिशा कुठली, याने काही फरक पडत नाही, हे नवख्यांना पटायला वेळ लागतो.

५. एवढी आकडेमोड कशाला? १००० च्या वर गेला की सगळे ५०० घ्यायचे, खाली आला की सगळे विकायचे. काय हरकत आहे?

कागदावर फुकटचं हेज वाटतं. पण १००० ला घेता येत नाही आणि १००० लाच विकताही येत नाही. वर गेलाय हे कळतं तेव्हा भाव १००२ असतो, खाली आलाय हे कळतं तेव्हा ९९८. प्रत्येक ये-जाला ५०० शेअरवर ४ रुपये, म्हणजे दोन हजार गेले, वर कर वेगळा. आणि १००० भोवती शेअर किती वेळा ये-जा करेल हे कोण सांगणार? दोनदा केली तर तुम्ही हुशार, बारा वेळा केली तर प्रीमियम संपून वर खिशातून. डेल्टा हेजचा खर्च साधारण अंदाजात बांधता येतो, याचा येत नाही. मी सुरुवातीला दोन महिने हेच केलं. दुसऱ्या महिन्यात शेअर स्ट्राइकवर ठाण मांडून बसला.

६. मग दिवसातून किती वेळा शेअर जुळवायचे?

दोन पद्धती. एक, ठरलेल्या वेळी, म्हणजे रोज बाजार बंद होण्याआधी एकदा. दुसरी, ठरलेल्या फरकावर, म्हणजे हवे असलेले आणि असलेले शेअर यांत, समजा, ४० चा फरक पडला की. मला दुसरी बरी वाटते, कारण शांत दिवशी ती तुम्हाला हात लावू देत नाही. फरकाची मर्यादा खर्च जास्त असेल तर रुंद ठेवायची. आणि जुळवताना थेट हव्या त्या संख्येपर्यंत न जाता या मर्यादेच्या कडेपर्यंतच आणणं स्वस्त पडतं.

कमी वेळा जुळवलं म्हणून सरासरी नफा कमी होत नाही, नशिबाचा भाग वाढतो. जास्त वेळा जुळवलं तर नशीब कमी, खर्च जास्त.

७. खर्च म्हणजे किती? तो धरून प्रीमियम पुरतो का?

इथे बहुतेकांचं गणित फसतं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

डिलिव्हरीत (शेअर खात्यात घेऊन ठेवताना) घेताना ०.१ टक्का आणि विकताना ०.१ टक्का एसटीटी, म्हणजे शेअर व्यवहारावरचा कर लागतो. त्यात मुद्रांक शुल्क, एक्सचेंजचे आकार, खरेदीच्या आणि विक्रीच्या भावांतला फरक धरला की एका ये-जाला पाव टक्का सहज होतो. प्रश्न ३ मधल्या त्या ७९ शेअरच्या ये-जात एकट्या एसटीटीचे सुमारे १६० रुपये गेले. सुरुवातीच्या २७२ शेअरचे वेगळे २७२ रुपये.

अर्थतज्ज्ञ हेन लेलँड यांनी १९८५ मध्ये यावर एक सोपी युक्ती मांडली: खर्च हा जणू जास्तीची व्होलॅटिलिटी आहे असं समजायचं. पाव टक्का ये-जा खर्च आणि रोज एकदा जुळवणी धरून त्यांच्या सूत्रात आपले आकडे घातले, तर २५ चे साडेसव्वीस होतात. अर्थ असा की शेअर प्रत्यक्षात २५ टक्क्यांनीच हलणार अशी तुमची खात्री असेल, तरी कॉल साडेसव्वीसच्या वरच्या इम्प्लाइड व्होलॅटिलिटीला (कॉलच्या बाजारभावातून निघणाऱ्या व्होलॅटिलिटीला) विकला गेला पाहिजे. तेवढा भाव मिळत नसेल तर सोडून द्या.

८. फ्युचर्सवर (पुढच्या तारखेला ठरलेल्या भावाने शेअर घेण्या-देण्याच्या करारांवर) कर कमी लागतो. मग शेअर कशाला?

तुमचे वीस लॉट शॉर्ट असतील तर फ्युचर्सच घ्या: ०.५४४ गुणिले २०, म्हणजे जवळपास ११ लॉट, झालं काम. मार्जिनमध्येही (ब्रोकरकडे ठेवायच्या अनामतीतही) सवलत मिळते (प्रश्न १४). पण एक लॉट शॉर्ट असताना फ्युचर्स एक तर शून्य किंवा ५००. २७२ चं फ्युचर मिळत नाही. शेअर सुटे मिळतात, हाच त्यांचा मोठा गुण. मोठी पोझिशन असणारे मधला मार्ग काढतात, मुख्य भाग फ्युचर्समध्ये आणि वरची फोडणी शेअरमध्ये.

९. डेल्टा काढताना व्होलॅटिलिटी कुठली घालू? बाजाराची की माझ्या अंदाजाची?

बाजारातली इम्प्लाइड घातली तर रोजचा हिशेब गुळगुळीत दिसतो, पण शेवटी एकूण किती मिळणार हे शेअर कुठल्या वाटेने गेला यावर अवलंबून राहतं. तुमचा अंदाज घातला आणि तो खरा ठरला, तर शेवटचा आकडा ठरलेला असतो, मात्र वाटेत पोटात गोळा येईल इतके चढउतार दिसतात. ज्यांना रोज ब्रोकरच्या ॲपमध्ये डोकावायची सवय आहे त्यांनी पहिलीच वापरावी.

आणखी एक बारीक गोष्ट. शेअर चढतो तेव्हा इम्प्लाइड व्होलॅटिलिटी बहुधा उतरते. त्यामुळे कॉलचा खरा डेल्टा सूत्रातल्यापेक्षा थोडा कमी असतो. २७२ ऐवजी २६० शेअर ठेवलेत तर काही पाप लागत नाही.

१०. शेअर जागचा हलला नाही, हेज बरोबर आहे, तरी तोटा दिसतोय. ॲप चुकलंय का?

नाही. इम्प्लाइड व्होलॅटिलिटी वाढली आहे. आपल्या कॉलला ती एक टक्क्याने वाढली, म्हणजे २५ ची २६ झाली, की लॉटमागे सुमारे ५७० रुपयांचा फटका बसतो. शेअर घेऊन फक्त डेल्टा झाकला जातो, हा धोका उघडाच राहतो. तो झाकायला दुसरा ऑप्शनच विकत घ्यावा लागतो. मार्च २०२० मध्ये इंडिया व्हिक्स (बाजाराच्या अपेक्षित व्होलॅटिलिटीचा निर्देशांक) ८० च्या वर गेला होता. त्या दिवसांत डेल्टा अगदी चोख ठेवणाऱ्यांनाही मार्जिनसाठी फोन येत होते. एक्स्पायरीपर्यंत टिकून राहिलात तर हा कागदी तोटा विरतो, पण टिकायला पैसे लागतात.

११. रात्रीत मोठी बातमी आली आणि शेअर गॅप देऊन उघडला तर हेज वाचवेल का?

अर्धवट. १८ मे २००९ ची सोमवार सकाळ आठवा, लोकसभेच्या निकालानंतरची. बाजार उघडताच वरच्या सर्किटला (वाढीच्या ठरलेल्या मर्यादेला) लागला, व्यवहार थांबले, पुन्हा सुरू झाले ते परत सर्किट. सेन्सेक्स एका दिवसात १७ टक्के वर. मधल्या कुठल्याच भावाला शेअर मिळाला नाही.

आपला शेअर असाच १००० वरून थेट ११७० ला गेला, तर हेज नसलेल्याचे सुमारे ७२,००० जातात. २७२ शेअर असलेल्याचे २६,०००. म्हणजे हेज करूनही मिळालेल्या प्रीमियमपेक्षा जास्त. डेल्टा हेजिंग पायरी-पायरीने चढणाऱ्या बाजारासाठी आहे, उडी मारणाऱ्यासाठी नाही. उडीची भीती असेल (तिमाही निकाल, निवडणूक, कोर्टाचा निर्णय) तर वरच्या स्ट्राइकचा, समजा ११०० चा, एक कॉल विकत घेऊन ठेवा. प्रीमियमचा थोडा भाग जाईल, जाऊ द्या.

१२. एक्स्पायरी जवळ आली की डेल्टा वेड्यासारखा का उड्या मारतो?

कारण आता मधलं काही उरत नाही. कॉल एक तर पैशात संपणार किंवा शून्य. एक दिवस उरला असताना शेअर ९९० ला असेल तर ११४ शेअर हवेत, १०१० ला ३९१. वीस रुपयांच्या फरकात पावणेतीनशे शेअरची उलथापालथ. महिन्याच्या सुरुवातीला याच वीस रुपयांत ५५ शेअरचाच फरक पडतो.

एका एक्स्पायरीला मी पुण्याहून मुंबईला निघालो होतो. शेअर ९९२ ला, फोनवर बघतोय, निवांत. खंडाळ्याच्या घाटात रेंज गेली. खाली उतरेपर्यंत १०१४. तेव्हापासून नियम केला आहे: शेवटच्या दोन दिवसांत शेअर स्ट्राइकजवळ असेल तर हेज करत बसायचं नाही, कॉल परत घेऊन टाकायचा. उरलेल्या आठ-दहा रुपयांच्या प्रीमियमसाठी एवढा गॅमा अंगावर घेण्यात मतलब नाही. एनएसईवर सप्टेंबर २०२५ पासून मासिक एक्स्पायरी शेवटच्या मंगळवारी असते. त्या सोमवार-मंगळवारी प्रवास, लग्न, बारसं काही ठेवू नका.

१३. एक्स्पायरीला कॉल पैशात संपला आणि माझ्याकडे ३५१ च शेअर आहेत. पुढे?

इंडेक्सच्या ऑप्शनमध्ये नुसता पैशाचा हिशेब होतो, पण आपल्याकडे ऑक्टोबर २०१९ पासून सगळ्या शेअर ऑप्शनचा निपटारा प्रत्यक्ष शेअर देऊन-घेऊन होतो. तुम्हाला ५०० शेअर १००० च्या भावाने द्यावेच लागतील. कमी पडले तर ते लिलावातून उचलले जातात आणि तो भाव तुमच्या सोयीचा नसतो. कॉल खोल पैशात असेल तर डेल्टा आपोआप एककडे जातो आणि तुमच्याकडे ५०० होतातच. अडचण होते ती स्ट्राइकच्या आसपास. तिथला उपाय प्रश्न १२ मध्ये.

मुदतीआधी कोणी कॉल वापरून शेअर मागेल का? नाही. जानेवारी २०११ पासून एनएसईवरचे शेअर ऑप्शन युरोपीय पद्धतीचे, म्हणजे मुदतीच्या दिवशीच वापरता येणारे आहेत. अमेरिकी बाजारात शेअर ऑप्शन मुदतीआधीही वापरता येतात, म्हणून तिथे ते विकणाऱ्यांनी मात्र लाभांशाच्या आदल्या दिवशी जागं राहावं.

१४. माझ्या डिमॅटमध्ये शेअर आहेत, मग शॉर्ट कॉलला मार्जिन कमी का लागत नाही?

कारण एक्सचेंजच्या लेखी कॅश बाजारातले शेअर आणि ऑप्शनची पोझिशन वेगळ्या खात्यात आहेत. शेअर तारण ठेवून मार्जिन मिळतं, पण त्यातून कपात होते आणि एकूण मार्जिनचा निम्मा भाग रोख किंवा रोखीसमान लागतो. म्हणजे आपल्या उदाहरणात शेअरचे पावणेतीन लाख अधिक कॉलचं मार्जिन, एवढा पैसा अडकतो, आणि मिळकत साडेपंधरा हजारातून खर्च वजा जाता जे उरेल ते. फ्युचर्सने हेज केलं तर मार्जिनमध्ये दोन्ही एकत्र धरले जातात.

१५. लाभांश किंवा बोनस आला तर हेजचं काय?

बोनस आणि स्प्लिटला स्ट्राइक आणि लॉट दोन्ही बदलून मिळतात. तुमच्या शेअरची संख्याही त्याच प्रमाणात बदलते, त्यामुळे काही करायचं नाही. लाभांश बाजारभावाच्या दोन टक्क्यांपेक्षा कमी असेल तर स्ट्राइक हलत नाही. तो कॉलच्या भावात आधीच वजा धरलेला असतो, आणि तुमच्या २७२ शेअरवर तो तुम्हाला मिळतो. डेल्टा काढताना तो लाभांश धरला नाही तर गरजेपेक्षा थोडे जास्त शेअर घेतले जातात, एवढंच.

१६. कॉलऐवजी पुट (ठरलेल्या भावाने शेअर विकण्याचा हक्क) विकला असेल तर हेच उलटं करायचं ना?

तत्त्व तेच, पण तिथे शेअर शॉर्ट करावे (हातात नसताना विकावे) लागतात, आणि आपल्याकडे कॅश बाजारात शेअर शॉर्ट करून रात्रभर ठेवता येत नाहीत. शेअर उसने घेण्याची सोय आहे, पण ती बऱ्याच शेअरमध्ये नावापुरती. म्हणून पुटला फ्युचर्सच. नुसत्या शेअरने सरळ हेज होतो तो शॉर्ट कॉलच.

१७. सकाळी घेतले, दुपारी विकले, तेही हेजसाठीच. करात काही घोळ?

आहे, आणि तो मार्चनंतर लक्षात येतो. एकाच दिवशी घेऊन विकलेल्या शेअरचा नफा-तोटा आयकरात सट्ट्याचा मानला जातो, ऑप्शनचा मात्र सट्टा नसलेल्या धंद्याचा. सट्ट्याचा तोटा ऑप्शनच्या नफ्यातून वजा करता येत नाही. हेजचा तोटा शेअरमध्ये आणि नफा कॉलमध्ये, ही तर या पद्धतीची नेहमीची मांडणी. म्हणजे खिशात फारसं न येताही कर भरावा लागू शकतो. दिवसातल्या दिवसात ये-जा टाळा आणि सीएला आधीच दाखवा.

१८. सगळेच विक्रेते असं हेज करू लागले तर बाजारच हलणार नाही का?

हलतो. चढत्या भावात खरेदी आणि पडत्या भावात विक्री, हे पुष्कळांनी एकदम केलं की आग भडकते. १९ ऑक्टोबर १९८७ ला डाऊ जोन्स एका दिवसात २२.६ टक्के पडला, त्यात ‘पोर्टफोलिओ इन्शुरन्स’ नावाच्या अशाच यांत्रिक विक्रीचा हात मानला जातो. गंमत म्हणजे त्या कल्पनेमागेही प्रश्न ७ मधले लेलँडच होते. उलट जानेवारी २०२१ मधल्या गेमस्टॉप या अमेरिकी कंपनीच्या शेअरच्या उसळीला सगळे ‘गॅमा स्क्वीझ’ (कॉल विकणाऱ्यांच्या हेज-खरेदीने भडकलेली तेजी) म्हणत होते, पण अमेरिकेची बाजार नियामक संस्था एसईसी हिच्या अहवालात तसा पुरावा सापडला नाही असं म्हटलं आहे. दर तेजीमागे हेजवालेच असतात असं नाही.

१९. शेअर पडला, कॉलचा डेल्टा ०.०६ उरलाय. हे ३० शेअर ठेवू की विकू?

कॉलचा भाव एव्हाना एक-दीड रुपयावर आला असेल. तो परत घेऊन टाका आणि मग ३० शेअर विका, याच क्रमाने. आधी शेअर विकले आणि कॉल घ्यायचा राहून गेला, तर दोन दिवसांनी तोच कॉल पंचवीस रुपयांना दिसतो, आणि तेव्हा लोक मला प्रश्न ११ विचारतात.